खालच्यांच्या वाट्याचं पाणी

खालच्या धरणावरचे लोक तिला कुलूपबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण ते नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि आणणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, तिचा सख्खा दीरच होता. नदी एक, धरणं दोन. वरच्या धरणाची अभियंता ती, खालच्या धरणाचा अभियंता तो. एकाच घरात दोन अभियंते, तेही एकाच खात्यात, म्हणून सासूबाई एके काळी चारचौघांत मिरवायच्या. पण पावसाने सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला आणि ही शान घराच्याच मुळावर आली.

रोज सकाळी ती ऑफिसात पोचून पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच फोन वाजायचा.

"वहिनी, काल सोडलंत का?"

"सोडलं की. रोजच्याएवढं सोडलं."

"मग रोजच्यासारखंच इथे काही आलं नाही."

"भाऊजी, माझ्या दारातून निघालंय ते. मी स्वतः तिथे उभी होते."

"निघालं असेल हो. पोचलं नाही. इथे पंपांची तोंडं उघडी पडायला आलीत. त्यांना काय तुमचे आकडे पाजू?"

मग कोणीतरी एक "बरं, ठेवतो" किंवा "ठेवते" म्हणायचं. भांडणसुद्धा नीट होईना, इतका दोघांचा जीव मेटाकुटीला आला होता.

फोन ठेवला की ती धरणाच्या भिंतीवर जायची. तलावात पाणी आत घेणारा एक उंच बुरूज होता. त्याच्या अंगावर पातळीचे आकडे रंगवले होते. पूर्वी वरचे चारदोन आकडे तेवढे दिसायचे. आता बुरूज पायथ्यापर्यंत उघडा पडला होता आणि खालचे आकडे, जे रंगवल्यापासून कोणी बघितले नव्हते, ते नव्यासारखे कोरे करकरीत चमकत होते. पाणी मधल्या भागात आक्रसून बसलं होतं. भोवती भेगाळलेला चिखल, आणि त्यात रुतलेली एक होडी. तिच्या मालकाने दोर मात्र अजून खुंटीला बांधून ठेवला होता, जणू ती कुठे वाहून जाणार होती.

नियम पाणी समितीने ठरवून दिला होता. वरच्या शहराचं पिण्याचं पाणी आधी. उरेल त्यात खालच्या शहराचा वाटा, आणि तो रोज थोडा थोडा सोडायचा, म्हणजे एकदम संपायची भीती नको. रोज सकाळी थोडा वेळ खालचं दार वीतभर उघडायचं आणि पुन्हा बंद करायचं. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं. तिलाही ते पटलं होतं. खरं तर ती सूचनाच मुळात तिची होती.

घरी वेगळंच चाललं होतं. नवरा दातांचा डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्यांना चूळ भरायला घरून बाटली आणायला सांगावं लागत होतं, त्यामुळे निम्मे लोक दातदुखी अंगावर काढत होते. संध्याकाळी तो आईला फोन लावायचा, आणि आई खालच्या शहरात धाकट्याकडे राहत असल्याने बोलणं फिरून फिरून पाण्यावरच यायचं.

"तिला दे फोन," सासूबाई म्हणायच्या. पूर्वी 'सूनबाईला दे' म्हणायच्या. हल्ली नुसतं 'तिला'.

"बोला आई."

"अगं, मी म्हातारी मागतेय असं समज हवं तर. शेजारपाजारच्या बायका मला विचारतात, तुमची सून असं का करते? काय सांगू मी त्यांना?"

"सांगा की तिच्या हातात नाही."

"चावी तुझ्याच हातात आहे ना?"

नवरा शेजारी बसून छताकडे बघत असायचा. एकदा तिने त्याला विचारलं, "तू कोणाच्या बाजूने आहेस?" तो म्हणाला, "मी झोपायच्या बाजूने आहे," आणि खरोखरच उठून झोपायला गेला. तिला हसू आलं, आणि मग हसण्याचाही कंटाळा आला.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच दीर जीप घेऊन वरच्या धरणावर हजर झाला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या पाण्याला सोडायला. आज तुम्ही दार उघडा आणि माझ्याबरोबर बसा. ते जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाऊ."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. दार उघडलं, आणि जीप नदीकाठच्या कच्च्या रस्त्याने पाण्याच्या बरोबरीने निघाली. सुरुवातीला पाणी पुढे आणि जीप मागे होती. पहिलं वळण गेलं, खडकाळ भाग संपला, वाळू लागली, तशी पाण्याची चाल मंदावली. मग जीप पुढे जाऊन थांबायची आणि दोघं पाण्याची वाट बघायची.

काठाने फळबागा होत्या. प्रत्येक बागेतून एक रबरी नळी नदीत उतरलेली. पाणी आलं की मोटार सुरू व्हायची, पाणी पुढे गेलं की बंद. चोरून वगैरे काही नव्हतं. बागवाले हात हलवून दोघांना नमस्कारही करत होते. बागा संपल्या तसे खड्डे आले. बांधकामाला वाळू उपसून उपसून लोकांनी नदीच्या पोटात घरं मावतील एवढे खड्डे करून ठेवले होते. पाणी पहिल्या खड्ड्यात उतरलं. दोघं काठावर बसून बघत राहिली. खड्डा भरायलाच किती वेळ गेला! तो भरून पाणी पुढे निघालं तेव्हा त्यात जोर असा राहिलाच नव्हता.

दुपारी दोघं पाण्याच्या टोकापाशी उभी होती. पुढे मळकट फेस, फेसावर काड्या, वाळकी पानं, आणि एका पानावर जीव मुठीत धरून बसलेल्या मुंग्या. टोक सरपटत हातभर पुढे यायचं, थांबायचं, वाळूत मुरायचं. मग मागून जरासं बळ यायचं, पुन्हा एक हात. शेवटी ते थांबलं. तिला वाटलं, आता येईल पुढे. दोघं वाट बघत राहिली. नुसता फेस वाळूवर बसला, त्याचे बुडबुडे फुटले, आणि पान मुंग्यांसकट जमिनीला टेकलं.

"हे रोज होतं?" तिने विचारलं.

"रोज. कधी इथे, कधी थोडं अलीकडे." दीर वाळूतच बसला. "मी तुम्हाला हिणवायला नाही आणलं, वहिनी. मलाही गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही सोडतच नाही."

तीही खाली बसली. डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला. उन्हाळा सुरू झाल्यापासून वाचवून वाचवून, जपून जपून जे काही दिलं, ते सगळं या वाळूने प्यायलं होतं. खालच्या शहराला एक घोट नाही. वरच्या शहरालाही नाही. तिच्या जपण्यानेच ते वाया गेलं होतं.

"थोडं थोडं सोडलं तर पहिल्यांदा वाळूच पिणार," ती म्हणाली. "वाळूची तहान भागून पुढे जाईल एवढं पाणी एका दमात यायला हवं."

"मी हेच ओरडत होतो तुमच्या समितीपुढे."

"तुम्ही 'जास्त सोडा' म्हणत होतात, भाऊजी. 'एकदम सोडा' नाही म्हणालात."

तो विचार करून म्हणाला, "असेल. त्या दिवशी मी नुसताच ओरडलो असेन." मग बाटलीतलं उरलेलं पाणी त्याने तिच्यापुढे धरलं. "दवाखान्यातली ऑपरेशनं पुढे ढकललीत आमच्याकडे. आईला म्हटलं, दादाकडे जाऊन राहा थोडे दिवस. म्हणाली, त्या घरात पाय ठेवणार नाही."

तिने बाटली तशीच परत केली.

समितीच्या बैठकीत तिने सगळं मांडलं. रोजची धार बंद. काठावरच्या मोटारींची वीज पाणी सोडायच्या दोन दिवसांपुरती तोडायची. वाळूच्या खड्ड्यांना मातीचा बांध घालून पाण्याला बाजूने वाट काढून द्यायची. आणि मग दार पूर्ण उघडून मोठा लोंढा सोडायचा. अध्यक्ष थकलेला, सभ्य माणूस होता. सकाळपासून तो अशाच बैठका घेत होता.

"आणि तरी पोचलं नाही तर?" त्याने विचारलं.

"तर मला घरी पाठवा."

"तुम्हाला घरी पाठवून पाणी येत नाही हो, बाई."

वरच्या शहराचा प्रतिनिधी उसळून उठला. आमच्या तोंडचं पाणी पळवून नदीत ओतायचं, वर ते पोचेल याचा भरवसा नाही, ही कुठली अक्कल? बरीच बाचाबाची झाली. शेवटी अध्यक्षाने मधला मार्ग काढला आणि तोच सगळ्यांत जीवघेणा निघाला. लोंढा सोडायला हरकत नाही. पण खालच्यांच्या वाट्याचं जेवढं पाणी, तेवढंच. आगाऊ एक थेंब मिळणार नाही. रोजचा वाटा साठवा, पुरेसा साठला की सोडा.

म्हणजे आधी दार पूर्ण बंद करायचं. हे दिराला सांगायला तिने स्वतःहून फोन केला.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे पाणी देण्यासाठी आधी आमचं बंद करणार."

"तसंही पोचत नव्हतं."

"मला कळतंय ते. माझ्या फाटकाशी उभ्या असलेल्या लोकांना कसं कळणार? त्यांच्या कानावर एवढंच येणार की जे येत होतं तेही कुलूपबाईने बंद केलं."

"मी येऊन सांगू का त्यांना?"

"नको," तो घाईने म्हणाला. "त्यांना समजवायला मी आहे. तुम्ही साठवा."

ती साठवत राहिली. खालच्या शहरात लोकांनी दिराच्या ऑफिसपुढे रिकामी भांडी आणून टाकली, एकाने जीपची काच फोडली. टँकर यायचे, पण ते कधी येतील त्याचा नेम नसायचा. अशाच एका टँकरपाशी सासूबाई भरलेली कळशी घेऊन वळल्या, कोणाचा तरी धक्का लागला, आणि त्या पडल्या. मनगट मोडलं. दिराची बायको कामावर, दीर फाटकावर. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं.

त्या रात्री नवरा पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. ओरडताना त्याचा आवाज चिरकला, आणि मग त्यालाच लाज वाटली. "तुला नाही बोलत आहे मी," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कोणाला बोलू, सांग ना?" सकाळी तो गाडी घेऊन गेला आणि आईला घेऊन आला.

सासूबाई घरात आल्या त्या प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, ओठ घट्ट मिटून. तिने त्यांची पिशवी घेतली, त्यांनी ती घेऊ दिली, एवढंच. दोन दिवस त्या मुलाशी बोलायच्या, भिंतीशी बोलायच्या, तिच्याशी नाही. पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली. वरच्या शहरात अजून एक दिवसाआड नळ यायचा, तरी सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी फेकू देत नव्हत्या. एका हाताने भांडं तिरकं करून ते बादलीत ओतायच्या; त्यातच भांडी विसळायच्या; आणि तेच मग संडासात. घरातलं प्रत्येक भांडं कसल्या ना कसल्या वापरलेल्या पाण्याने भरलेलं. एकदा तिने नकळत हात धुताना नळ जरा जास्त वेळ सोडला, तर मागून त्यांचा चांगला हात आला आणि नळ बंद करून गेला.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्या अचानक म्हणाल्या, "कधी सोडणार?"

तिने कणीक मळता मळता सगळं सांगितलं. वाळू, खड्डे, मुंग्या, समिती. सांगताना तिला वाटलं होतं त्या मध्येच तोडतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मलाच माहीत नव्हतं, आई."

सासूबाईंनी उसासा टाकला. "मग मला निदान 'माहीत नाही' म्हणायचंस. 'हातात नाही, हातात नाही' काय लावलं होतंस?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "कणीक सैल झालीय. दे इकडे." आणि मग हाताच्या प्लास्टरकडे बघून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं.

ठरल्या दिवशी सकाळी दार पूर्ण उघडलं. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून भिंतीवरचे कर्मचारी काम सोडून कठड्याशी आले. पाणी गरजत बाहेर पडलं, खालच्या खडकांवर आपटलं आणि वळणाआड गेलं. ती मात्र तिकडे बघत नव्हती. ती बुरुजाकडे बघत होती. तिथली पातळी डोळ्यांदेखत उतरत होती.

दीर जीप घेऊन पाण्याच्या पुढे पुढे होता आणि अधूनमधून फोन करत होता. बागा ओलांडल्या. एका खड्ड्याचा बांध फुटला, पाणी आत घुसलं, पण भरून पुढे निघालं. दुपारी त्याचा फोन आला, "आपण बसलो होतो ना, ती जागा गेली पाण्याखाली." त्याच्या आवाजात आनंद होता, तरी तो दबून बोलत होता, जणू मोठ्याने बोललं तर पाणी बिचकेल. संध्याकाळी त्याने सांगितलं की चाल कमी झालीय. मग अंधार पडला आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात बसून होती. समोर चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. दुपार कलता कलता फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"वहिनी, आलं."

"किती?"

"आलं हो! विचारता काय किती? पंपांची तोंडं बुडाली." मग तो थांबला, आणि अभियंता होऊन बोलला. "निम्म्याहून कमी. तरी जपून वापरलं तर भागेल बरेच दिवस."

"निम्म्याहून कमी," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण रडू किंवा हसू. तसं काहीच झालं नाही. अंग तेवढं जड झालं.

त्यानंतर कौतुक वगैरे कोणी केलं नाही. वरच्या शहरात तलावाचा फोटो हातोहात फिरला आणि एक दिवसाआड येणारं पाणी तीन दिवसांआड झालं. बाजारात एका बाईने तिला ओळखून तोंडावर सांगितलं की तुम्ही सासरचं भलं केलंत. आणि एक दिवस काठावरची एक बागवाली ऑफिसात आली. उंच, उन्हाने रापलेली, बोलायला हळू. तिने तक्रार अर्ज वगैरे आणला नव्हता.

"तुमचं पाणी माझ्या बागेला लागून गेलं," ती म्हणाली. "वीज नव्हती. आम्ही घरचे सगळे काठावर बसून बघत होतो. बादलीने घेतलं असतं तर कोणी अडवलं नसतं. पण माझा मुलगा म्हणाला, खाली प्यायला चाललंय, राहू दे."

"बागेचं काय झालं?"

"काठाची झाडं गेली. वरची जगतील असं वाटतंय." ती उठली. "मला फक्त पोचलं का ते विचारायचं होतं."

"पोचलं."

"मग बरं झालं," बाई म्हणाली आणि निघून गेली. ती बाई शिव्या देऊन गेली असती तर सोपं झालं असतं, असं तिला कितीतरी वेळ वाटत राहिलं.

सासूबाईंचं प्लास्टर निघालं तसा त्यांनी घरी जायचा धोशा लावला. धाकटा न्यायला आला. दोघं दीर-भावजय जिन्यात उभ्याउभ्याच पुढच्या लोंढ्याचं बोलू लागली. यावेळी बांध दगडी घालू, विजेचं आधीच सांगून ठेवू, बागांना आठवड्यातला एक दिवस देता येईल का बघू. सासूबाई गाडीत बसून ओरडल्या, "अरे, ते फोनवर रोज बोलताच की! मला आधी घरी सोड." मग काच खाली करून तिला जवळ बोलावलं. ती वाकली. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू किती वाळलीस गं, सूनबाई." गाडी गेली.

तिला ऑफिसात जायचं होतं. जाता जाता नवऱ्याला घराची किल्ली द्यायला ती दवाखान्यात शिरली. बाहेरच्या बाकावर एक पेशंट गाल धरून बसला होता. आत नवरा हत्यारं उकळत होता. बसायला पेशंटच्या खुर्चीखेरीज काही नव्हतं, म्हणून ती तिच्यावरच टेकली.

"गेली आई?"

"गेल्या." खुर्चीची पाठ जराशी मागे होती. तिने डोकं टेकवलं. "पाच मिनिटं हं. मग निघते. पातळी बघायचीय आज, पुढच्या लोंढ्याला किती साठलं..."

नवऱ्याने वळून बघितलं तेव्हा तिचा श्वास संथ लागला होता. तोंड किंचित उघडं, पर्स अजून खांद्याला. त्याने डोक्यावरचा दिवा बंद केला, पडदा ओढला आणि बाहेर जाऊन गाल धरून बसलेल्या माणसाला हळू आवाजात विचारलं, "तासाभराने आलात तर चालेल का हो?"